सहाव्या वळणावरची बाई

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दवाखाना सुटल्यावर मी खडेबाजारातून एक भलंमोठं खोकं रिक्षात घालून शहराबाहेर मच्छेला घरी आणलं. खोक्यात व्हिडिओ गेमला जोडायचं स्टिअरिंग होतं आणि पायाशी ठेवायचे पेडल. दुकानदारानं विचारलं होतं, "पोरासाठी व्हय, मॅडम?" मी म्हटलं, "न्हाय, वडलांसाठी." तो हसला. मलाही हसू आलं.

मी पारमिता. बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. माझे वडील भीमाप्पा, म्हणजे आमचे आप्पा, एकतीस वर्षं बसवर ड्रायव्हर होते. त्यातली बरीचशी बेळगाव-निपाणी रस्त्यावर गेली. आई जाऊन सात वर्षं झाली. या दिवाळीआधीच्या पावसाळ्यात आप्पांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं. डावा हात मात्र खांद्याच्या वर जाईना, आणि मिटलेली बोटं काही उघडेनात. दिवसभर मी परक्यांचे हात चालते करायचे आणि घरी येऊन हा हात बघायचे. रबरी चेंडू दाबायला दिला की आप्पा तो खिडकीत ठेवून द्यायचे. "मी काय ल्हान पोर हाय व्हय गं पारू?"

स्टिअरिंगची कल्पना तशी सोपी होती. माझ्याबरोबर काम करणारा सौरव बेंगळुरूला गेला, तेव्हा त्याचा गेम माझ्याकडं देऊन गेला होता. त्यात एक गाड्यांचा खेळ होता. नुसती शर्यत नव्हे, तर अख्खा मुलूखच मोकळा. समुद्रकाठ, द्राक्षांचे मळे, दगडी गावं, वर बर्फाचे डोंगर, आणि कुठल्याही रस्त्यानं कुठंही जायची मुभा. मला त्याचं वेड लागलं होतं, खोटं कशाला सांगू? दिवसभर लोकांच्या कण्हण्यातून बाहेर पडून मी त्या समुद्राकाठच्या रस्त्यावर ताशी अडीचशेनं गाडी सोडायचे आणि डोकं रिकामं व्हायचं. रस्त्यात जागोजागी चॅलेंज असायची. एखाद्या कॅमेऱ्यापुढून अमुक वेगानं जा, अमुक वळणं गाडी घसरवत काढ, टेकडीवरून गाडी उडव. जमेल तसे एक, दोन नाहीतर तीन तारे मिळायचे. तिसऱ्या ताऱ्यासाठी मी एकेक चॅलेंज चाळीसदा केलंय.

आप्पांनी पहिल्या दिवशी काय केलं माहीत आहे? लाल सिग्नलला गाडी थांबवली. मागच्या गाड्या धडाधड येऊन आपटल्या, तरी ते थांबूनच. वेगाच्या कॅमेऱ्यापुढून अठ्ठावन्ननं गेले. एकही तारा नाही.

"आप्पा, तीनशेनं जायचं असतंय."

"ब्रेक तापतील," ते म्हणाले.

पण पंधरा दिवसांत रंग बदलला. डोंगर उतरायच्या एका चॅलेंजमध्ये कठड्याला न घासता खाली यायचं होतं. माझे तिथं हाल झाले होते. आप्पांनी पहिल्याच खेपेला तीन तारे घेतले. उजव्या हातानं स्टिअरिंग फिरवत होते, डाव्याचं मनगट नुसतं टेकवलेलं. खाली आल्यावर मान हलवून म्हणाले, "घाट हाय ह्यो. घाटाला घाटागत उतराय पायजे." त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. कित्येक महिन्यांनी.

मग आमचा रविवार ठरून गेला. दुपारी जेवण, मग खेळ. सरळ रस्ता आला की मी चालवायचे, डोंगर आला की आप्पा. एकमेकांचे विक्रम मोडायचे. हरल्यावर ते लहान मुलासारखे गप्प बसायचे आणि जिंकल्यावर माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत, नुसत्या मिशा हलायच्या.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. त्या खेळात रस्त्यावर माणूस नसतो. गाड्या असतात, शेतातून मेंढ्या पळतात, शर्यतीच्या ठिकाणी कठड्यापलीकडं गर्दी असते. पण मोकळ्या रस्त्यावर, पायी, एकटं माणूस कधीच नसतं.

संक्रांत होऊन गेलेला रविवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. पडद्यावर उजेड येतो म्हणून मी खिडकीचा कपडा ओढला होता. गल्लीत कुठंतरी कुकर शिट्ट्या देत होता. खेळात त्या आठवड्यात हिवाळा होता आणि नवं चॅलेंज आलं होतं. दाट धुक्यातून डोंगर चढायचा, बारा वळणं, चार मिनिटांच्या आत. आप्पांनी उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली दोन माणसांची छोटी गाडी घेतली. पाचव्या वळणाला ते माझ्या वेळेच्या तीन सेकंद पुढं होते. मी जागेवरून उठून उभी राहिले होते.

सहाव्या वळणावर त्यांनी ब्रेक मारला.

गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावली. वर कोपऱ्यात वेळ पळत होती. पडद्यावर पांढरं धुकं, खांबाची एक काळी रेघ, आणि इंजिनाची घरघर.

"काय झालं, आप्पा?"

"बाई हाय."

"कुठं?"

"ती काय... हात करतीया." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "हिरवं लुगडं. हातात काय न्हाय."

मी पडद्याजवळ जाऊन बघितलं. धुक्याशिवाय काही नव्हतं. पुन्हा झटका आला की काय म्हणून मी वळून त्यांचा चेहरा बघितला. ओठ सरळ होते, डोळे शांत. आणि मग त्यांचा डावा हात उचलला गेला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला, बाजूला लांब झाला, बोटं एकेक करून उघडली आणि हवेत कसला तरी खटका ओढल्यासारखी वळली. पाच महिने मी त्या बोटांशी झगडत होते.

"या," आप्पा म्हणाले. "बसा."

पडद्यावरची गाडी डाव्या अंगाला किंचित खाली बसली. तुम्ही गाडीत बसलेले असताना शेजारी कुणी येऊन बसलं की बसते तशी. हे मी बघितलं. बाई दिसली नाही, हे मात्र दिसलं. आणि खोलीत ओल्या गोणपाटाचा वास आला, थोडा वेळच.

आप्पांनी चॅलेंज सोडून दिलं. रस्ता बदलला आणि पन्नासच्या पुढं काटा न जाऊ देता ते पंचवीस मिनिटं गाडी चालवत राहिले. मी बाजूच्या खुर्चीवर बसून होते. एकदा विचारलं, "कुठं चाललाय?"

"ती सांगल तिकडं."

मग एका साध्याशा रस्त्यावर, जिथं गाव नव्हतं की फाटा नव्हता, त्यांनी गाडी उभी केली, हात मांडीवर घेतले आणि म्हणाले, "बंद कर आता. पोचली."

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी मला जे सांगितलं, ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

तवंदी घाटाच्या पायथ्याला एक फाटा होता. तिथून राजाबाई नावाची एक बाजारवाली दर आठवड्याला संकेश्वरच्या बाजाराला जायची. भाजीची पाटी घेऊन उभी असायची, आणि आप्पा थांबायचे. वीसएक वर्षांपूर्वी एका थंडीत, अशाच धुक्यात, बस गच्च भरलेली होती. फाट्यावर हात दिसला. आप्पांनी गाडी थांबवली नाही.

"आरशात बघितलं मी. मागनं एक जीप येत हुती," आप्पा म्हणाले. "म्हटलं, जाईल जीपनं. दुपारी निपाणीच्या स्टँडवर कळलं, ती जीप घाटात उलटली म्हणून. कुणीतरी म्हणालं, फाट्यावरची बाजारवालीबी हुती त्यात."

"मग? चौकशी केली न्हाय?"

"न्हाय." त्यांनी कप बशीत ठेवला. "चौकशी केली असती तर कळलं असतं की गं. मी खानापूरकडचा रूट मागून घेतला. परत त्या घाटात गाडी घातली न्हाय."

खेळात दिसलेली बाई म्हणजे मनातली बाई, असं मी स्वतःला समजावलं. मेंदूला इजा झाल्यावर माणसाला काहीबाही दिसतं, हे मी शिकलेय. गाडी खाली बसली ते खडबडीत रस्त्यामुळं असेल. वास शेजारच्या घरातून आला असेल. आणि खरं सांगू? मला खोलात जायचंच नव्हतं, कारण आप्पा सुधारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं पेला उचलला. आठवड्यात सदऱ्याची बटणं लावली. त्यांना झोप लागायला लागली. मी कामावर असताना ते एकटेच खेळायचे, कठीण कठीण चॅलेंज पुरी करून ठेवायचे, आणि मी आले की नकाशावरचे तारे दाखवायचे. डोक्यावरचं ओझं उतरलेला माणूस कसा दिसतो, ते मी रोज बघत होते.

फेब्रुवारीत निपाणीला आमच्या दवाखान्याचं शिबिर होतं. दुपारी एकला मोकळी झाले. परत येताना घाटाच्या पायथ्याशी मी दवाखान्याची गाडी सर्व्हिस रस्त्यावर घेतली. राजाबाईच्या घरच्यांना भेटावं, आप्पांच्या वतीनं दोन शब्द बोलावेत, एवढंच मनात होतं. पानपट्टीवर नाव विचारलं, तर माणसानं बोट करून घर दाखवलं.

अंगणात एक बाई शेंगा वाळत घालत होती. नाव रूपाली. मी म्हटलं, "आक्का, राजाबाईंचं घर हेच का? त्यांचं कोण आहे घरात?"

"सासूबाईंचं व्हय? त्या हायत की आत. या."

पंच्याहत्तरीची एक सुकलेली, तरतरीत म्हातारी भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. मी उंबऱ्यातच थांबले. रूपालीनं पाणी आणून दिलं, ते मी सगळं प्याले.

मी कोण ते सांगितलं. म्हातारीचा चेहरा उजळला. "भीमाप्पा डायव्हर? बरा मानूस. माझी पाटी सोता हात लावून चढवायचा. हाय न्हवं?"

"आहेत, आज्जी. त्यांना वाटतंय, घाटात उलटलेल्या त्या जीपमध्ये तुम्ही..."

"मी कशाला बसू त्या जीपमंदी? आत जागा न्हवती. बस गेली, मी पाटी घेऊन घरला आलते. आणि मेलं कुठं कोण त्यात? हातपाय मोडले चौघांचे, बरी हून आली. वीस वर्सं त्यो मानूस हे उरावर घेऊन बसला व्हय?" तिनं पदरानं डोळे पुसले. माझेही भरून आले. रूपाली हसत म्हणाली, "आणा की एकदा त्यांस्नी. सासूबाईंच्या हातचं जेवूद्यात."

हे ऐकल्यावर आप्पा काय करतील, याचाच मी विचार करत होते. उठता उठता सहज म्हणाले, "त्यांना त्या दिवशीचं तुमचं हिरवं लुगडंसुद्धा आठवतंय. रिकाम्या हातानं उभ्या होता म्हणाले."

म्हातारीचे हात शेंगांवर थांबले.

"रिकाम्या हातानं मी कशाला हुबी ऱ्हाईन? बाजाराला चाललेली बाई. डोस्क्यावर पाटी असायची माझ्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हिरव्या लुगड्याची ती. माझ्या शेजारी असायची."

"कोण?"

"ठावं न्हाय. आमच्या गावची न्हवं. दर खेपंला हात करायची. बस जायची, जीप जायची, टेम्पो जायचा... तिच्यासाठी कुणी थांबायचं न्हाय. थांबले तर माझ्यासाठी, आणि मी चढल्यावर ती तिथंच. एकदा मी इचारलं, कुठं जायाचं गं बाई तुला? तर म्हणली, ज्यो गाडीत घील त्येच्या घरला."

अंगणात रूपाली सूप आपटत होती.

"अजून असते का, आज्जी?"

"मोठा रस्ता झाला, फाट्यावर आता कोण थांबतंय? तरी ती असायची. शेताला जाताना दिसायची मला." म्हातारीनं एक शेंग फोडली, दाणे मात्र हातातच धरून ठेवले. "आता न्हाय दिसत. संक्रांत झाली आन् तवाधरनं न्हाय."

मी गाडीत येऊन बसले. काचा वर घेतल्या. महामार्गावरून एकामागून एक ट्रक जात होते, ऊन लख्ख पडलं होतं. मी आप्पांना फोन लावला. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला. आवाज ठणठणीत होता, आनंदी होता.

"आप्पा, जेवला का?"

"आत्ताच बसलोय गं. तू ये सावकाश, घाई करू नगंस."

"डब्यात दोनच भाकऱ्या होत्या. पुरल्या?"

"पुरतायत की." ताटलीला वाटी लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण पुढचे शब्द मला दुरून आले, हळू, कुणाला तरी आग्रह करावा तसे...

"घ्या की अजून. लाजताय कशाला? घर तुमचंच हाय."