चार बोटं ढील

रविवारी सकाळी सव्वासातला दोन खिळ्यांमधलं अंतर एक्केचाळीस मिलिमीटर होतं. मागच्या रविवारी एकोणचाळीस.

ममताने कॅलिपर मिटला आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहिला. ऑगस्टच्या वादळात चिंचेची एक मोठी फांदी पडली, तेव्हा दोन खोडांच्या बेचक्यात भेग दिसली होती. भेगेच्या दोन्ही काठांवर तिने एकेक पितळी खिळा ठोकला, आणि तेव्हापासून दर रविवारी ती मोजायला येत होती. आज भेगेतून मुंग्या बाहेर पडत होत्या, तोंडात पांढरी अंडी घेऊन. मुंग्यांनी घर बदलायचं ठरवलं होतं.

"झाडले ताप शे का, मॅडम?"

बांधावर एक ट्रॅक्टर उभा होता. मागे यारी जोडलेली – विहिरीतला फोडलेला दगड बकेटीने वर ओढणारं लोखंडी यंत्र. ट्रॅक्टरवरच्या माणसाच्या गळ्यात लाल गमछा होता, आणि चेहरा अगदी गंभीर.

"ताप नाही. फाटतंय," ती म्हणाली.

"मंग थर्मामीटर काब्रं लावतस?"

"हा कॅलिपर आहे."

"किती आला?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस ताप..." त्याने मान हलवली. "मंग तर वैदूच बोलवा."

ममताला हसू आलं, पण ते तिने वहीत घातलं. म्हणजे वही तोंडासमोर धरली.

तो कोरीट गावचा कुंदन. बाप भिला यारीवाला. त्याच्यानंतर यारी याच्याकडे. शेजारच्या केळीच्या मळ्यातली विहीर खोल करायला महिनाभरासाठी आला होता. ममता इथलीच, सारंगखेड्याची. शहाद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. वय एकोणतीस. चिंच तिच्या आप्पांच्या बांधावरची, तापीकडे जाणाऱ्या वाटेला लागून. याच बेचक्यात बसून तिने बारावीचा अभ्यास केला होता.

आणि हीच चिंच आप्पांना यात्रेआधी तोडायची होती.

आप्पा, म्हणजे तिचे वडील रेवजीभाई, वाईट माणूस नव्हते. दत्तजयंतीला घोडेबाजार भरला की व्यापारी या सावलीत घोडे बांधत, पोरं खेळत. "खोड कोणाच्या डोक्यावर आलं तर मी कोणाला तोंड दाखवू?" ते म्हणत. या प्रश्नाला ममताकडे उत्तर होतं, पण ते एका कागदावर होतं. दोन्ही खोडं वरच्या बाजूला पोलादी तारेने एकमेकांना जोडायची. खाली, भेगेच्या ठिकाणी, आटे पाडलेली सळई आरपार घालून नट आवळायचे. आकृती तयार होती. करणारा माणूस नव्हता.

कुंदनने तो कागद हातात घेतला, उलटा केला, मग सुलटा केला.

"ही तार तर मन्ही शे," तो म्हणाला. "यारीची. क्लॅम्प बी शेतस. मी चढस, तुम्ही खालून सांगा."

"मजुरी काय घ्याल?"

त्याने वर पाहिलं. फांद्यांतून चिंचेचे हिरवे आकडे लोंबत होते.

"फागुनमा चिंचा खावाले येसू," तो म्हणाला. "झाड ऱ्हायनं तर."

फाल्गुनाला चार महिने होते. हे तिने का मोजलं, तिलाच कळलं नाही...

---

आप्पांनी मुदत दिली ती यात्रेच्या आधीच्या गुरुवारपर्यंत. योगायोग असा की त्याच गुरुवारपर्यंत त्यांना आणखी एक उत्तर हवं होतं. सुरतच्या धीरजचं स्थळ मार्चमध्ये आलं होतं. ममताने "सांगते" म्हटलं होतं, आणि आठ महिने ती सांगतच होती. नकाराला कारण लागतं, आणि धीरजमध्ये एकही दोष तिला सापडला नव्हता. होकारालाही कारण लागतं. तेही सापडलं नव्हतं.

काम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी भेगेत सळई बसली, नट आवळले. कुंदन कमरेला दोर बांधून माकडासारखा चढायचा. गिरमिटाने खोडाला आरपार भोक पाडायचा. ममता खालून अंतर सांगायची.

"बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या उंचीचे तीन भाग करा. दोन भाग वर गेलात की तिथे."

"खोडाभोवतीच गुंडाळतो ना तार. भोक काब्रं? झाडले दुखस."

"गुंडाळली तर झाड जाड होत जाईल आणि तार गळ्यात रुतेल. भोक भरून येतं. फास भरून येत नाही."

वरून गिरमिटाचा भुसा पडायला लागला.

"मॅडम, तुम्ही वर्गात बी असंच बोलतस?"

"का?"

"नही... पोरं पास होत असतील. पण झोपत नसतील."

तिसऱ्या दिवशी जमनाफुई डोक्यावर पदर घेऊन बघायला आली. ही आप्पांची थोरली बहीण. दोन खोडांच्या मध्ये लोंबणारी तार तिने डोळे बारीक करून पाहिली.

"दोन्ही खोडेसनं लगीन लाई ऱ्हायनात का? अंतरपाट आणू?"

"आणा फुई," कुंदन वरून म्हणाला, "मी आठे भट म्हणून बसेलच शे."

फुईने त्याच्याकडे पाहिलं, मग ममताकडे पाहिलं. जाताना हळूच म्हणाली, "तो आपलामाना नही, हाई तुले माहीत शे ना?"

"कोण?"

"मी काय चिंचनं बोली ऱ्हायनी?"

---

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतताना ममता थेट बांधावर आली आणि उभीच राहिली. तार तंबोऱ्यासारखी ताणलेली होती. बोट लावलं असतं तर वाजली असती. कुंदन खाली बसून तार आवळायचं, विडीच्या बंडलाइतकं छोटं, उरलेलं एक तेलकट टर्नबकल फडक्याने पुसत होता. आता शाबासकी मिळणार, असा त्याचा चेहरा.

"हे कोणी आवळलं?"

"मी. दोन टर्नबकल लावले. देखा, केसभर हालत नही."

"तेच चुकलंय. सैल करा."

त्याचं हसू गेलं. पहिल्यांदाच.

"मॅडम, ढील नको सांगू माले." तो तिला 'तुम्ही' म्हणायचं विसरला होता. "मन्हा धंदामा ढील म्हणजे मौत. बाप विहिरीत होता, दोर ढिला पडला, मग हिसका बसला. दोन बोटं गेली त्याची. मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून मी एक तार ढिली सोडेल नही."

ममता त्याच्या शेजारी मातीत बसली. साडीचा विचार न करता. तिला समजावायची घाई नव्हती. तिने बोट बांधावरच्या यारीकडे केलं.

"यारी दगड उचलते," ती म्हणाली. "दगडाला वाढायचं नसतं. झाड वाऱ्याने हलतं ना, तेव्हा जिथे ओढ बसते तिथे ते नवं लाकूड घालतं. हलू दिलंच नाही, तर ते लाकूडच घालणार नाही. मग तार असेपर्यंत उभं, आणि तार तुटली की आडवं."

"मंग तार कशाले?"

"वादळासाठी. रोज तिने काहीच करायचं नाही. फक्त असायचं."

कुंदनने विचार केला. विचार करताना तो गमछ्याचं टोक पिळायचा, हे तिला आता ठाऊक झालं होतं.

"धरायचं बी," तो म्हणाला, "अन धरायचं नही बी."

"हो."

"किती ढील?"

तिने हात पुढे केला, आडवा, बोटं जुळवून. "तुम्ही आधी आवळलेलं सगळं सोडा. मग मध्यावर एवढी खाली आली पाहिजे. चार बोटं."

त्याने स्वतःचा हात तिच्या हाताशेजारी धरला. रापलेला, तारेच्या खुणांनी भरलेला. त्याची चार बोटं तिच्या पाच बोटांएवढी होती.

"तुमची चार की मन्ही चार?"

तिने हात लगेच मागे घेतला नाही.

"...माझी."

---

सैल केलेली तार तपासायला ती स्वतः वर चढली. कुंदनने तिच्या कमरेच्या दोराची गाठ तीनदा पाहिली. त्या उंचीवरून तापीचं पाणी दिसत होतं, पलीकडे उसाचे फड, आणि वाटेवर यात्रेसाठी आलेल्या पहिल्या घोड्यांची धूळ. वारा आला. दोन्ही खोडं सावकाश झुलली, आणि तार त्यांच्यामध्ये नुसती डोलली.

"सुरतले अशी झाडं ऱ्हातस का?" त्याने विचारलं. तो समोरच्या खोडावर होता, तिच्यापासून तारेएवढा लांब.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गावात शे मी, मॅडम. विहिरीत असलो तरी ऐकू येतं."

तिने कमरेच्या दोराची गाठ चाचपली.

"मी विचारी नही ऱ्हायनू काही," तो म्हणाला. तारेकडे बघत, तिच्याकडे नाही. "एक गोष्ट सांगस फक्त. तुम्ही माले आवडतस. विहीर गुरुवारी संपस, मंग मी नवापूरकडे जासू, चिंचपाड्याजवळ काम शे. जवाब आज नको. उद्या बी नको..." मग त्याने बोटाने तार हलकेच हलवली. "ढील शे."

आठ महिन्यांत तिला सगळ्यांनी विचारलं होतं: कधी सांगतेस, किती दिवस, लोक काय म्हणतील. जवाब नको असं म्हणणारा हा पहिलाच.

ती खाली उतरली तेव्हा तिचे तळवे गरम होते. दोरामुळे असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःला खोटं सांगण्यात ती फार कच्ची होती.

---

गुरुवारी सकाळी दहाला भिकन करवतीची मशीन घेऊन आला. आप्पांनीच बोलावला होता. झाडाखाली आला आणि डोकं खाजवत उभा राहिला. कारण बेचक्यात ममता मॅडम बसल्या होत्या. मांडीवर उत्तरपत्रिका, हातात लाल पेन.

"ममता, खाली उतर," आप्पा म्हणाले.

"सव्वीस पेपर राहिलेत, आप्पा."

"घरी तपास."

"इथे उजेड चांगला आहे."

"तारेच्या भरवशावर मी लोकांची लेकरं उभी करू? हीच तुझी विद्या?"

"भरवशावर नका करू. मोजून करा. सळई घातल्यापासून अंतर एक्केचाळीस आहे. रोज एक्केचाळीस." तिने पान उलटलं. "भिकनभाऊ, चहा घ्या तोवर. वेळ लागेल."

भिकनने आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी आभाळाकडे. जमनाफुई बांधावर ऐसपैस बसली. शेजारच्या मळ्यात कुंदन यारीचे नटबोल्ट सोडत होता, निघायच्या तयारीने. तो आला नाही. फक्त प्रत्येक नटाला त्याला आज फार वेळ लागत होता.

अडीचच्या सुमारास नदीपलीकडून आभाळ काळं झालं. मार्गशीर्षात नको ते वारं. ममताने पेपर बांधले आणि स्वतःहून खाली उतरली.

"सगळे मागे व्हा. झाडाच्या उंचीच्या दीडपट. फुई, तुम्ही पण. भिकनभाऊ, ती मशीन राहू द्या, तुम्ही या."

"आता काब्रं पळस?" फुई म्हणाली. "भरवसा नही का तुले?"

"भरवसा आहे. म्हणून खात्री करायची नाही का?"

वारं आलं ते एकदम आलं. केळीची पानं चिंध्यांसारखी फाटली, पावसाचे थेंब आडवे लागले. चिंचेचं नदीकडचं खोड वाकलं... आणखी वाकलं... आणि तारेची चार बोटं ढील एका क्षणात संपली. तार घुमली. तो आवाज ममताला पायांतून ऐकू आला. दुसरं खोड पहिल्याला धरून राहिलं. वारा थोडा हटला, तशी तार पुन्हा सैल. परत वारा, परत तो घुमारा. कितीदा झालं, तिने मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही मोजलं नव्हतं.

कुंदन कधी शेजारी येऊन उभा राहिला तेही कळलं नाही. भिजलेला, हातात पाना तसाच. तो तारेकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

"धरनं," तो म्हणाला. "ढील ऱ्हाईसन बी धरनं."

वीस मिनिटांत सगळं शांत. ममता चिखल तुडवत बेचक्यापाशी गेली. पदराने खिळे पुसले. कॅलिपर लावला. मागे सगळे वाकून बघत होते, भिकनसुद्धा.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

आप्पा जवळ आले. त्यांनी सळईच्या नटावर हात ठेवला, भेगेवर ठेवला. मग वर, तारेकडे बराच वेळ पाहिलं.

"आजचं ठीक आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं जास्त अवघड होतं. "पण तारेला गंज लागतो, पोरी. नट सैल पडतात. हिच्याकडे कोणी बघायला नको का?"

"वर्षातून दोनदा. पावसाळ्याआधी आणि यात्रेआधी."

"मग? तू सुरतला जाशील. तिथून काय फोनवर मोजशील? कोण बघणार सांग. मी भिकनला आज परत पाठवतो, पण मला नाव सांग."

फुईने तोंडाला पदर लावला. कुंदनने गमछ्याचं टोक पिळायला घेतलं आणि मग सोडून दिलं. तो एक पाऊलही पुढे आला नाही. चिंचेवरून पाणी ठिबकत होतं, आणि वर दोन खोडांच्या मध्ये तार नुसती होती.

ममताने कॅलिपर मिटून डब्यात ठेवला. डब्याचं झाकण लावलं. वर्गात, घरी, आप्पांशी ती कायम शाळेतली मराठी बोलत आली होती. आता तोंडात आले ते बांधावरचे शब्द.

"मी देखसू, आप्पा. सुरतले मी जाणार नही, त्यासले आजच फोन करसू. अन तार तपासाले हाऊ येई, कुठे बी विहीर खणत असना तरी." ती वळली नाही, मागे तो आहे हे तिला माहीत होतं. "मी कुंदनसंगे लगीन करसू."