काठ नसलेला तलाव

तलावाच्या गाळात अन्नपूर्णाचा पाय रुतला तो रुतलाच. एका हातात पाण्याच्या नमुन्याची बाटली, दुसऱ्या हातात जाळी… ओढावा तितका पाय खाली जात होता. दोन हजार सहाच्या हिवाळ्यातली ती सकाळ, आरमोरीजवळचा जुना तलाव, आणि मातीच्या उंच पाळीवर चिटपाखरू नाही.

"थांबा, हलू नका—" पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कुणीतरी पाण्यात उतरलं आणि तिला हात दिला. हात ऊबदार होता, हे तिच्या उगाचच लक्षात आलं.

"कोण्या शहाण्यानं खोदला हा तलाव?" बाहेर येताच ती वैतागून म्हणाली. "काठ ठेवलाच नाई. पाय टाकला का सरळ खोल."

"मीच तो शहाणा," तो पाय धूत म्हणाला. "प्रणित. तलाव दुरुस्तीचा इंजिनिअर."

लाजावं की हसावं, तिला कळेना.

अन्नपूर्णा आरमोरीच्याच धान पिकवणाऱ्या घरातली. प्राणिशास्त्र शिकून एका संस्थेत लागलेली. आजूबाजूच्या कितीतरी जुन्या तलावांचा गाळ काढून झाला होता. त्यातून तलाव खरंच जिवंत झाले का, हे तिला तपासायचं होतं. अहवाल चांगला आला, तर उरलेले तलावही याच पद्धतीनं खोदले जाणार होते.

प्रणित तलाव दाखवायला येऊ लागला. पाळीवर बसून दोघं भजी खात.

"मॅडम, पाणी पाहा ना, कसं नितळ आहे."

"तेच पाहून राह्यली."

"मले वाटलं, पाण्यात माझं तोंड पाहून राह्यल्या."

"तेही दिसते… त्याले मी काय करू?"

शेतकरी खूश होते. पाणी आता उन्हाळ्यापर्यंत टिकत होतं. मासेमारी करणाऱ्या आशाबाई मात्र म्हणाल्या, "बाहेरून आणून सोडलेले रोहू-कतला आहेत बाई. आपली गावठी बोटरी मासळी नाई, कमळकंद नाई. आम्ही बायांनी बाजारात काय न्यावं?"

तलाव सुधारला की बिघडला? अन्नपूर्णाचा गोंधळ वाढतच गेला. प्रणित सोबत असला की प्रत्येक तलाव सुंदर वाटायचा. तो नसला की त्याच पाण्यात काहीतरी हरवलेलं दिसायचं. आपण नक्की तपासतोय तरी काय…

शेवटी तिनं विचारलंच. "तुम्ही माझ्या मागं मागं काऊन येता? अहवाल चांगला लिहावा म्हणून?"

त्याचा चेहरा उतरला. तो उठला आणि पाळ उतरून निघून गेला. त्यानंतर तो आलाच नाही. म्हणजे तेच खरं होतं? की तिनं त्याला दुखावलं होतं?

चंद्रपूरला अहवालावरच्या बैठकीत तिनं आढळलं तसं मांडलं. पाणी वाढलं, पण तलाव पुन्हा जिवंत झाला नाही. उथळ काठ खरवडल्यानं पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्यासोबत गावठी मासे, पक्षीही गेले.

मागच्या रांगेतून प्रणित उठला.

"मॅडमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "काठ मीच सरळ करवले. पुढच्या तलावांचे काठ उथळच ठेवू. कमळकंद लावायचं काम बायांकडे द्या."

प्रणितच्या साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण खोदकाम थांबवून नकाशे बदलायचं ठरलं.

संध्याकाळी ती आरमोरीच्या बसमध्ये बसली, तोच प्रणित चढला आणि तिच्या सीटजवळ येऊन उभा राहिला.

"रागावले होते ना?" तिनं विचारलं.

"होतो. तुमच्यावर नाई… स्वतःवर."

"मंग आले काऊन नाई?"

"आलो असतो, अन् तुम्ही चांगलं लिहिलं असतं, तर जन्मभर तुम्हाले वाटलं असतं का मी त्याच्यासाठीच येत होतो." त्यानं सीटचा दांडा धरला. "आता अहवाल झाला. म्हणून आलो. मले तू आवडते, अन्नपूर्णा— तवाही, आताही."

बस सुरू झाली. शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली,

"आरमोरी लांब आहे. उभ्यानंच जाशील काय?"