दहापैकी किती?

घंटाच नव्हती. बाबांची लाडकी प्रश्नमंजूषा इतक्या वर्षांनी टीव्हीवर परत आली, पहिल्या स्पर्धकाची वेळ संपली, आणि त्या पितळी घंटेच्या जागी फोन चार्जिंगला लावल्यावर येतो तसा ‘टुंग’ आवाज आला. आत्याचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. मी बाबांकडे पाहिलं… त्यांना ते टुंग ऐकूच आलं नव्हतं.

बाबांचे कान आता गेल्यातच जमा आहेत. पण ती घंटा आपल्याला नक्की ऐकू येणार, असं ते महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले होते. आई होती तेव्हा दोघं मिळून हा कार्यक्रम बघायचे. आई घंटेच्या आत उत्तर ठोकून द्यायची, बहुतेक वेळा चुकीचं, आणि बाबा खो खो हसायचे. आता ते कान टवकारून वाट बघत होते, आणि पडद्यावर पुढचा प्रश्न सुरूही झाला होता.

घंटा काढलीय, असं मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. “लाव फोन,” ते म्हणाले. प्रेक्षकांनी मत कळवावं म्हणून खाली नंबर येत होता.

फोन एका तरुणाने उचलला. “नमस्कार. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.” पाठ केलेलंच वाक्य ते, पण असं म्हणाला की मला क्षणभर वाटलं, खरंच असेल. काय तो आवाज… मी बाबांचं मत विसरलेच. बाबा मागून गरजत होते की लाज कशी वाटत नाही, अक्कल कुठे गहाण टाकलीत, आणि मी ते गाळून गाळून पुढे देत होते.

“वडील थोडे नाराज आहेत,” मी म्हटलं.

“थोडे?” तिकडे हसू दाबल्याचं कळलं. “मला ऐकू येतायत ते.”

मग दहापैकी किती गुण द्याल, असं त्याने विचारलं. बाबांनी शून्य म्हणून सांगितलं. शून्य देता येत नाही, एकपासून सुरुवात होते, असं तो म्हणाला.

“मग एक द्या,” मी म्हटलं. “पण तो कार्यक्रमाला नाही… तुम्हाला.” आणि जीभ चावली.

त्यानंतर दर भागाला फोन सुरू झाले. बाबांच्या तक्रारी काही संपेनात, आणि खरं सांगते, त्या संपू नयेत असं मला वाटायला लागलं. दुसऱ्या कुणी उचलला तर मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून द्यायचे. एकदा कामावरूनच लावला, तर त्याने विचारलं, मागे विमान उडतंय का. कवळी घासतेय, मी म्हटलं. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते मी. प्लास्टरचे साचे, मेण, आणि दिवसभर दुसऱ्यांचे दात.

“म्हणजे तुमच्यासमोर हसताना जपायला हवं,” तो म्हणाला.

“समोर आलात तर ना.”

ते जमणार नव्हतं. नाव सांगायचं नाही, प्रेक्षकांना भेटायचं नाही, असा त्यांचा नियम होता. फोन सगळे रेकॉर्ड व्हायचे, आणि त्यातली निवडक मतं पुढच्या भागाच्या शेवटी ऐकवायचे. निवडायचं काम त्याचंच.

मग एक दिवस मी बाबांना न सांगताच फोन केला. आज वडिलांची काय तक्रार, त्याने विचारलं.

“आज त्यांना माहीतच नाही,” मी म्हटलं. आणि मग जे तोंडातून निघालं ते निघालं. “मी कार्यक्रमासाठी फोन करतच नाही. तुमचा आवाज ऐकायला करते.”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हे रेकॉर्ड होतंय हो,” तो हळूच म्हणाला. काढून टाका ना, मी विनवलं. “काढतो,” तो म्हणाला. “पण टाकत नाही. माझ्याजवळ ठेवतो.”

त्या दिवशी मी कुणाच्या तरी वरच्या कवळीला खालचे दात बसवून ठेवले.

पुढच्या भागाच्या शेवटी नेहमीसारखी मतं लागली. कुणी आजोबा बोलले, कुणी शिक्षिका बोलल्या, आणि मग भरल्या घरात माझा आवाज घुमला. ‘मी कार्यक्रमासाठी फोन करतच नाही. तुमचा आवाज ऐकायला करते.’ सूत्रसंचालकाला वाटलं, हे आपल्यालाच. त्याने छातीवर हात ठेवून लवून नमस्कार केला. आत्या आ वासून माझ्याकडे बघत राहिली. बाबांना ऐकू आलं नसेल, म्हणून मी जरा सावरते तोच पाहिलं, तर तेच शब्द खाली मोठ्या अक्षरांत. बाबांनी चष्मा पुसला आणि परत वाचले.

मी फोन लावत राहिले, तो तासाभराने लागला. एका मुलीने उचलला. त्याने माझं वाक्य कापून बाजूला ठेवलं होतं, आणि घाईत बाजूला ठेवलेला तुकडाच पुढे गेला. त्याला या कामावरून काढून दुसरीकडे टाकलं होतं. कुठे, ते सांगता येणार नाही म्हणाली. नाव? तेही नाही.

मला तो हवा होता, आणि शोधायला माझ्याकडे ना नाव होतं ना चेहरा. रडूच फुटलं.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. कान गेल्यापासून त्यांनी फोनला हात लावला नव्हता.

“मला ऐकू येत नाही, तेव्हा मधे बोलू नका,” ते म्हणाले. “आधी घंटा काढलीत. आता तो मुलगाही काढलात? तुमच्याकडे माणसासारखा बोलणारा तेवढा एकच होता. त्याला निरोप द्या, माझी मुलगी मोठ्या पुलाजवळच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये असते. मत संपलं.”

आणि फोन माझ्या हातात परत दिला.

लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी माझी यथेच्छ टिंगल झाली. नंतरचे दिवस मात्र तसेच गेले, दाराकडे बघण्यात. मग एका दुपारी काउंटरपाशी कुणीतरी उभं राहिलं. उंच, कान जरा बाहेर आलेले. साचा घ्यायचाय का, मी वर न बघताच विचारलं.

“नमस्कार. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.”

हातातली कवळी खाली पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. तो लगबगीने ते गोळा करायला वाकला, मीही वाकले, आणि आमची डोकी आपटली. माफी मागायला आलोय, तो म्हणाला. आता तिथल्याच जुन्या सामानाच्या खोलीत कामाला असतो. मग चाचरत विचारलं, “प्रत्यक्ष बघून… दहापैकी किती?”

“आवाजाला दहा,” मी म्हटलं. “बाकीचं अजून बघतेय.” तो हसला. पुढचा दात किंचित वाकडा होता. तो तसाच राहू दे, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

पुढच्या भागाला तो आमच्या घरी आला आणि अंग चोरून सोफ्याच्या कडेला बसला. बाबा त्याच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. पहिल्या स्पर्धकाची वेळ संपली आणि… ठणऽऽण. जुन्या सामानाच्या खोलीत पोत्याखाली सापडलेली, त्याने घासूनपुसून साहेबांच्या गळी उतरवलेली ती घंटा. बाबा ताडकन उठून बसले. ऐकू आली होती त्यांना. डोळे भरले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

दुसरा प्रश्न आला. आणि हा वेडा, बाबांना ऐकू जावं म्हणून चक्क ओरडून उत्तर देऊन मोकळा झाला. मागोमाग घंटा वाजली.

“चूक,” बाबा म्हणाले. खूप दिवसांनी ते खो खो हसत होते. मग त्यांनी सोफ्यावरच्या आईच्या जागेवर हात थोपटला आणि त्याला जवळ बोलावलं.

“पण घंटेच्या आत दिलंस. इथे बस.”