ऐकणाऱ्याचा पाट

त्या कंदिलाची वात जरा वर करा. हं, आता सांगतो. कपाटभर इंग्रजी पुस्तकं असून मी एकही उघडत का नाही, हेच विचारलंत ना?

पुण्याला शिकत होतो तेव्हा मला इंग्रजी कादंबऱ्यांचं वेड होतं. धुक्यातली ती विलायती गावं, माळरानावरची एकटी घरं, शेकोटीपाशी पाय पसरून बसलेली माणसं... न पाहताच माझी झाली होती. मग बीडला वकिली मांडली. निजामाच्या कोर्टात सगळा कारभार उर्दूत. दाव्यांत डोकं घातलं आणि वाचन कधी सुटलं, कळलंही नाही.

एका दाव्यातली जमीन पाहायला पाटोद्याला गेलो होतो. मोजणीचा माणूस काही येईना, म्हणून गावाबाहेरच्या मुसाफिर बंगल्यात मुक्काम पडला. तिथे फडताळात पुठ्ठा निघालेली एक कादंबरी सापडली. सहज एक पान वाचलं आणि मी पुन्हा त्या धुक्यात शिरलो. काय सुख होतं म्हणून सांगू! आमच्या मास्तरांनी आम्हाला इंग्रजी मोठ्यानं वाचायला लावून शिकवलं होतं, त्यामुळे मला मनात वाचता येतच नाही.

दिवेलागणीला असाच मोठ्यानं वाचत होतो, तेवढ्यात बंगल्याचा म्हातारा चौकीदार आश्रुबा आला आणि त्यानं माझ्यासमोर एक पाट मांडला. वर चाफ्याचं फूल ठेवलं.

"हे काय रे?"

"ऐकनाऱ्याचा पाट, वकीलसाब. पोथी वाचताना मारुतीरायासाठी ठिवत्यात, तसा."

"अरे, ही पोथी नव्हे. इंग्रजी गोष्ट आहे."

"आसंना का. मोठ्यानं वाचलं की ऐकाया कुनीतरी येतंयच. त्याला बसाया नको?"

मला हसू आलं. फूल बाजूला सारलं आणि वाचू लागलो. पाच-सहा ओळी झाल्या असतील.

"हं..."

अगदी हलका हुंकार. पोथी ऐकताना बायका देतात तसा. मी थांबलो, तर तोही थांबला. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास आला.

मी पडलो वकील. समोरच्यावर संशय घेण्यावरच माझं पोट. आश्रुबा पडद्याआड लपून चेष्टा करतोय, असं वाटून झटक्यात पडदा ओढला. मागे नुसती भिंत. खिडकीतून पाहिलं, तर आश्रुबा पार तिकडे विहिरीवर पोहरा ओढत होता.

दुसऱ्या संध्याकाळी दार लावून घेतलं, पलंगाखाली पाहिलं, मगच वाचायला बसलो. तरी हुंकार आला. खरं सांगू? भीती वाटत होती, पण गोष्ट इतकी रंगली होती की पुस्तक ठेववेना. आणि नेमकी ती उकलायच्या जागी पानंच संपली. मागली पानं फाडलेली होती.

आश्रुबाला बोलावून दरडावलं, "पानं कुठं आहेत?"

तो उंबऱ्याशीच थांबला. "रस्ता बांधनारा साहेब हितं राहायचा. त्याची मडम लई आजारी, सदा निलगिरीचं तेल लावून पडल्याली. साहेब रोज तिला ह्येच वाचून दाखवायचा. संपायच्या आदीच ती गेली बघा. साहेबानं ऱ्हायलेली पानं फाडून तिच्या पेटीत ठिवली... तिच्यासंगंच पुरली."

"मग?"

"मग काय... आता तुमी बी आर्ध्यातच उठलात. पाटावरनं ती उठल कशी?"

पहाटेच बीडची वाट धरली. मनाशी म्हटलं, म्हाताऱ्यानं बनवलं आपल्याला. घरी यातलं अवाक्षर काढलं नाही. पण माझ्या बैठकीत पाऊल टाकलं, तर खुर्चीसमोर पाट मांडलेला होता.

"हा कुणी मांडला?" मी बायकोला विचारलं.

"मला काय ठाऊक? तुम्हीच मांडला असेल," केसरबाई म्हणाली. मी तिच्याकडे संशयानं पाहत राहिलो. मग खात्री करायला तिथलं उर्दू वर्तमानपत्र उघडलं, मोठ्यानं वाचलं. काही नाही. कपाटातली इंग्रजी कादंबरी उघडली, आणि पहिल्याच ओळीला...

"हं..."

इतक्या वर्षांनी हाती आलेलं सुख असं जाऊ द्यायचं? माझा जीव तळमळला. एकच उपाय होता. अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करायची, म्हणजे ऐकणारी उठेल आणि माझी पुस्तकं मला मोकळी होतील. पुण्याच्या दुकानातून त्याच कादंबरीची पूर्ण प्रत मागवली.

प्रत आली त्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं पाटावर फूल ठेवलं आणि जिथे पानं फाटली होती तिथून वाचायला लागलो. निलगिरीचा वास दाटत गेला. हुंकार जवळ येत गेला. घसा कोरडा पडला, पण थांबलो नाही. शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं, हात जोडले.

हुंकार आला नाही. वासही विरला. सुटलो! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

तेवढ्यात केसरबाई दिवा घेऊन दारात आली. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. पाटोद्याची गोष्ट तर मी तिला कधी सांगितलीच नव्हती. तिनं रिकाम्या पाटाकडे पाहिलं, पदर सावरला, आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाली,

"अहो... त्या विचारतायत, आता दुसरं कोणतं वाचणार?"