अस्वलाच्या केसांचा ताईत

मला मुळात प्राण्यांची किळस. कुत्र्याने पायाला नाक लावलं तरी मी साबणाने पाय धुते. तरीही मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी मी अस्वलं निवडली, कारण मांजरं आणि कबुतरं बाकीच्यांनी आधीच पळवली होती.

परळला एका बंद गिरणीच्या मागे एका ट्रस्टने अस्वलं नाचवणाऱ्या दरवेशांकडून सोडवलेली म्हातारी अस्वलं ठेवली आहेत. परवानगी एका दुपारची होती. कॅमेऱ्यावर माझा धाकटा भाऊ हेरंब. तो कशालाच घाबरत नाही. लहानपणी मात्र फार घाबरायचा म्हणे, म्हणून आईने त्याला आमच्या लालबागच्या चाळीत आलेल्या अस्वलाच्या पाठीवर बसवलं आणि दरवेशाकडून त्या अस्वलाच्या केसांचा ताईत घेतला. तो अजून हेरंबच्या मनगटाला होता. आंघोळीलासुद्धा काढायचा नाही, असा आईचा दंडक.

फाटकातच वास आला. ओली गोधडी, आंबलेली लापशी आणि मूत. मी ओढणी नाकाला लावली, तसे तिथले राखणदार कोंडीरामकाका हसले.

शेवटच्या पिंजऱ्यात चंपा होती. दरवेशाने तिचे डोळे फोडले होते, दात पाडले होते. नाकातल्या दोरीचं भोक अजून ओलं होतं, त्यावर माशा बसत होत्या. ती पंजा तोंडात धरून चोखत होती आणि चोखताना गुणगुणत होती, नळात हवा अडकावी तसं.

"ही उठायची नाय," काका म्हणाले. "दोन वर्सं झाली, कोपरा सोडला नाय तिनं." आणि ते पाण्याची बादली आणायला गेले.

गुणगुण थांबली. चंपा उठली आणि सरळ हेरंबसमोर येऊन गजांना तोंड लावून उभी राहिली.

"ताई, ओळखते ही मला."

"काहीतरीच. तुझ्या डब्याचा वास आला असेल."

त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि गजांतून हात आत घातला. मी त्याला मागे ओढायला हवं होतं. पण असा शॉट आमच्या वर्गात कोणाला मिळाला नसता. मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं, ही माझी चूक.

चंपाने त्याचा हात मनगटापर्यंत तोंडात घेतला. करड्या हिरड्या, कोपरापर्यंत ओघळणारी चिकट लाळ. हेरंब हसत होता. मग दोरा तुटला आणि चंपाने ताईत गिळला.

काका बादली टाकून धावले. "कुनाचा व्हता ताईत?"

"ह्याचाच."

"हिच्याच केसांचा?"

"आम्हाला काय माहीत?"

त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. हेरंबकडे ते बघेनात. मी मागे वळून पाहिलं, तर चंपा कुशीवर गाढ झोपली होती.

"पूस ना रे तो हात. शी!"

हेरंबने हात नाकाशी धरला. लालबागला बसचा हॉर्न वाजला, तसा तो मला येऊन बिलगला.

घरी आल्यावर तो पलंगामागच्या कोपऱ्यात शिरला. हात तोंडात घातला.

गुणगुणू लागला.

लाळ शर्टावर गळत होती. मी हाका मारल्या, त्याने मान वर केली नाही. मला त्याची किळस आली. माझ्या सख्ख्या भावाची. जवळ जाववेना.

आई भाजी चिरत होती. तिने त्याचं रिकामं मनगट पाहिलं.

"ताईत बांधेपर्यंत असाच होता तो," ती म्हणाली. "तू तेव्हा गावाला होतीस."

तिने स्टूल घेतलं, माळ्यावरच्या भांड्यांमागून एक चामडी पट्टा काढला. लहान मुलाच्या कमरेएवढा. त्याला साखळी होती, आणि पट्ट्याच्या कडा चावून चावून झिजल्या होत्या.

आईने तो हेरंबच्या पाठीशी लांबूनच धरून पाहिला.

"हा आता पुरायचा नाही," ती म्हणाली.