मोटारीचा दोर

समीनाने पिशवीतून नायलॉनच्या दोराचं कडं काढून टेबलावर ठेवलं. हे तिच्या नवऱ्याच्या, राहीलच्या कमरेला होतं. गाठ अजून सुटली नव्हती.

"जतजवळ विहिरीतली मोटार काढायला उतरले आणि दोर तुटला. माझ्या दिराच्या, अश्फाकच्या दुकानातला. अश्फाक म्हणतो, मीच भावाला मारलं. अन्नाला शिवत न्हाई. त्यानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर?"

खासगी तपास करणाऱ्या प्रियंकाने दोर चुरगाळला. पांढरा भुगा पडला.

"मालच खराब," तिचा सहकारी, निवृत्त हवालदार जालिंदर म्हणाला. त्याला निकालाची घाई फार.

दुकानात अश्फाकने मान वर केली नाही. "आदल्या दिवशी विकला. त्या निळ्या गुंडाळीतला." प्रियंकाने त्या गुंडाळीतला एक तुकडा कापून घेतला.

विहिरीवर बागमालक वीरधवल भेटला. मागे कप्पीला मोटार टांगलेली, चकचकीत निळ्या दोराने.

"नवाकोरा दोर. माझ्यासमोर त्यानं कमरेला गाठ मारली. आमचा काय दोष?"

"आणि हा मोटारीचा?"

"घरचा जुना. मोटार लय महागाची हाय, बाई."

जालिंदरने मान डोलावली. प्रियंकाने नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर ती जालिंदर आणि अश्फाकला घेऊनच विहिरीवर गेली. वीरधवल तिथेच होता.

"प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या, जालिंदरकाका. उन्हानं त्या तुटतात. प्रयोगशाळेत त्या लांबीनुसार वेगळ्या करतात; क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून लांब साखळ्या आधी बाहेर येतात, तुकडे मागाहून. कड्याच्या बाहेरच्या भागात नुसते तुकडे. असा दोर ताण दिला की लगेच तुटतो. पण गाठीच्या आत साखळ्या शाबूत, रंगही निळा."

"मग?"

"माल खराब असता तर आतही खराब निघाला असता. आत ऊन पोचलं नाही. म्हणजे गाठ मारलेला हा दोर वर्षानुवर्षं उन्हात पडून होता. राहीलनं ती गाठ मारलीच नाही. तयार कडं त्याच्या अंगात घातलं."

"मग नवा दोर कुठं गेला?" जालिंदरने विचारलं.

तिने गुंडाळीतला तुकडा मोटारीच्या दोराला लावला. तोच पीळ, तोच निळा.

वीरधवल उसळला. "मोटार पडली असती म्हंजे? भरपाई कोण देणार व्हतं?"

मोटार महागाची होती. राहील रोजावरचा होता.

अश्फाक पुढे झाला. मोटारीचा दोर दोन्ही हातांनी धरून त्याने सारा भार टाकला. पुन्हा टाकला. दोर तुटला नाही.

मग तो तिथेच, दोर न सोडता, खाली बसला आणि भावाला हाका मारू लागला.