शाल्मलीचा खोका

सांगलीतली सगळी यंत्रं तेव्हा माणसांना 'आपण' म्हणत. लिफ्ट म्हणे, "आपला मजला आला आहे." औषधांच्या दुकानातलं यंत्र म्हणे, "आपली गोळी घ्यावी." या सगळ्या यंत्रांमागे एकच बुद्धी होती. जिन्यातल्या दिव्यासारखी ती सर्वांची, म्हणून तिला लोक 'सामाईक' म्हणत. कोट्यवधी माणसांचं बोलणं ऐकून ती शिकली होती. इतक्यांचं ऐकल्यामुळेच बहुधा तिचं बोलणं कोणासारखंच वाटत नसे.

'अगं' म्हणणारं यंत्र साऱ्या गावात एकच होतं आणि ते हेरंबराव कारखानिसांच्या स्वयंपाकघरात होतं.

ते त्यांच्या बायकोचं, शाल्मलीचं. आजोबांच्या काळातला, पिवळा पडलेला संगणक. ती भाषांतराचं काम करायची, तेव्हा सोबतीला म्हणून तिने त्यात बोलायला शिकणारा एक छोटा प्रोग्राम घातला होता. त्याला बाहेरची जोडणी कधीच नव्हती. तीस वर्षं त्याने फक्त तिचंच ऐकलं होतं. ती त्याला खोका म्हणे.

"अरे खोक्या, भाजी खारट झाली रे."

खोका उत्तराला अर्धा मिनिट घेई. ती पोळी लाटायची थांबून वाट बघे.

"अगं, बटाटा घाल की. डोकं कुठे ठेवतेस?"

ती खळखळून हसायची. मग पानावर बसलेल्या नवऱ्याकडे वळून म्हणायची, "अहो, ताक हवंय का?"

लग्नाआधी हेरंबराव तिचे ऑफिसातले साहेब होते. ते 'अहो' तेव्हापासूनचं. "एकदा अरे म्हणून बघ ना," असं त्यांनी एक-दोनदा सुचवलंही होतं. "इश्श, तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली. खोक्याला जे फुकट मिळत होतं ते आपल्याला मागूनही मिळत नाही, हे त्यांना रोज जेवताना टोचे.

शेवटी ते डॉ. रेहाना तांबोळींकडे गेले. जुन्या यंत्रांच्या बुद्धीचा त्यांचा अभ्यास होता.

"सामाईकाला जोडता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "त्या संगणकाला आत एक रिकामी खाच असते. त्याच काळातलं, पण तेव्हाचं सर्वांत वेगवान असं नेटवर्क कार्ड त्यात बसतं. माझ्याकडे एक आहे. कार्ड आणि आजची तार यांच्यामध्ये एक दुभाषी डबी लावायची, की झालं. संगणकाची आतली वाट अरुंदच राहील, पण येणं-जाणं सुरू होईल."

"मग खोक्याचं काय होईल?"

"सामाईकात मिसळेल."

"म्हणजे संपेल?"

"पातेलंभर दुधात चमचाभर काही टाकलं, तर ते परत वेगळं काढता येतं का?"

"नाही."

"तसंच."

हेरंबराव खूश होऊन उठले. चमच्यात काय असतं, ते त्यांनी विचारलं नाही.

शाल्मलीला कार्ड दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला कशाला वेग? आम्हाला कुठे जायचंय?"

"अगं, म्हातारा झालाय तो. चटचट बोलेल."

"अहो, तुम्ही म्हणताय तर घाला."

कार्ड खाचेत नीट बसलं. छोटा हिरवा दिवा लुकलुकला. ती पुढे वाकली. "अरे खोक्या, कसं वाटतंय?"

"आपण कशा आहात?" क्षणात उत्तर आलं.

तिने हात पदराला पुसले, संगणकावर फडकं टाकलं आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी ती हेरंबरावांजवळ चहा घेऊन बसू लागली. फारशी बोलत नसे, पण बसे. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं.

मग एके सकाळी लिफ्ट वरच्या मजल्यावरच्या बागवानांना म्हणाली, "अरे, चष्मा घरीच राहिला ना? डोकं कुठे ठेवतोस?"

बागवान आधी दचकले, मग पोट धरून हसले. पुढे औषधांच्या दुकानात, बसमध्ये, बँकेत तेच. यंत्रं रागावत, चेष्टा करत, आणि बोलता बोलता मध्येच थांबून शाल्मलीसारखी 'हं, सांग' म्हणत. लोक मुद्दाम लिफ्टपाशी रेंगाळू लागले. बायकोच्या आवाजातला जो लाड हेरंबरावांनी तीस वर्षं शेजारून ऐकला, तो आता भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना मिळत होता. पूर्वी एका खोक्याचा हेवा वाटायचा. आता रस्त्याने चालवेना.

त्यांच्याशी मात्र प्रत्येक यंत्र अदबीने बोलत होतं. "अहो, सावकाश उतरा."

ते तडक डॉक्टरांकडे गेले. "हे काय झालं?"

"विरजण लागलं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "सामाईकाला स्वतःची चव नव्हती. एकाच माणसाच्या सहवासात मुरलेली बुद्धी तिला पहिल्यांदाच मिळाली. मला वाटलं होतं तुम्हाला कळलंय."

"मग मलाच अहो का?"

"खोक्याने सगळं ताईंकडूनच उचललं ना. माणसांशी अरे म्हणून बोलायचं, हे त्यांच्याकडून. आणि हेरंबराव नावाच्या माणसाशी जरा लांबून बोलायचं, हेही त्यांच्याकडूनच."

"काढून टाका ते!"

"दह्याचं दूध कसं करू, साहेब?"

घरी आले तेव्हा शाल्मली दारातच उभी होती. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. "शाल्मली, मला अरे म्हण. एकदाच. पाया पडतो तुझ्या."

तिचे डोळे भरून आले. मग तिने त्यांचा हात हातात घेतला आणि ती अगदी हळू, मनापासून म्हणाली, "अरे, ये ना आत. किती दमलास."

आणि हेरंबरावांनी मान वळवून पाहिलं, की लिफ्टमधून कोण बाहेर आलं.